धाब्याच्या घराची निगा : आधी उतरवा, मग चढवा

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे सुमारे २० किलोमीटर गेल्यावर सोनगीर लागते. गावालगतच्या टेकडीवरील किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी घडविणारे कारागीर ही या गावाची जुनी ओळख होय. भांड्याला कल्हई करताना कारागीर प्रथम आतला काळपटपणा घासून काढतो, भांडे तापवितो, नवसागर फिरवितो आणि मगच कथील लावतो. जुन्या मळावर नवे कथील चढविले तर ते टिकत नाही. भांड्यांच्या बाबतीत गावोगावी पाळला जाणारा हा नियम घराच्या डागडुजीत मात्र बहुधा विसरला जातो. धाब्याच्या घरांच्या बाबतीत हा विसर जिवावर बेतू शकतो.

धाबे आणि खारी माती

सिमेंटच्या स्लॅबची घरे आता सर्वत्र झाली असली, तरी खान्देशातील जुन्या गावठाणांतून धाब्याची घरे अद्याप उभी आहेत व त्यांत कुटुंबे नांदत आहेत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी किलच किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर चोपलेली माती, अशी धाब्याची रचना असते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या आणि पाऊस बेताचाच असणाऱ्या या प्रदेशाला असे सपाट, जाड छप्पर मानवले यात नवल नाही.

या छपरासाठी शेतातली काळी माती चालत नाही. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पहिल्याच सरीचे पाणी त्या भेगांतून घरात उतरते. म्हणून धाब्यावर पांढरी, म्हणजेच खारी माती घालण्याचा प्रघात पडला. जुन्या वस्तीच्या जागी राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती वर्षानुवर्षे साचून ही माती तयार होते. तिच्यातील सोडियमच्या क्षारांमुळे चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी लागताच सुटे होतात व बारीक छिद्रे बुजवितात. त्यामुळे वरचा थर भिजला तरी पाणी खाली उतरत नाही. शास्त्राने सांगितलेले हे कारण ठाऊक नसतानाही पूर्वजांनी अनुभवाने योग्य माती निवडली होती.

वजनाचा हिशेब

पावसाने धाब्यावरची काही माती दरवर्षी धुऊन जाते. म्हणून आखाजी झाली की मृगापूर्वी खाऱ्या मातीच्या पाट्या धाब्यावर चढू लागतात. मात्र धुऊन गेली त्याहून अधिक माती वर पडत गेली, तर थर वाढत जातो. ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोलीचे उदाहरण घेऊ. या १५ चौरस मीटर धाब्यावर केवळ १ सेंटिमीटर जाडीचा थर घातला तरी सुमारे २५० किलो माती चढते. थर १० सेंटिमीटरने वाढला म्हणजे अडीच टन बोजा अधिक झाला. माती भिजल्यावर तो आणखी वाढतो. कड्या मात्र त्याच असतात, आणि वयोमानाने त्या कमजोर होत जातात.

या बोजाचा परिणाम महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तेथील बहुसंख्य घरांची बांधणी होती. भूकंपात छपराचे वजन जितके अधिक, तितका भिंतींवर बसणारा आडवा धक्का अधिक. भिंती फाकल्या आणि माळवदे खाली आली. खान्देशही या धोक्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. सातपुड्यात मार्च १९३८ मध्ये मोठा भूकंप झाल्याची नोंद आहे. भूकंप नसतानाही संततधारेत भिजलेले धाबे रात्री कोसळू शकते. म्हणून धाब्याच्या डागडुजीचे पहिले सूत्र असे : आधी उतरवा, मग चढवा.

घरधन्याने करावयाची कामे

पाहणी आतून सुरू करावी. प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांना सुतळी ताणून धरली असता कडी मध्ये किती झुकली आहे ते दिसते. कडीचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे दाभण टोचून पाहावे. ओल आणि वाळवी प्रथम याच ठिकाणी लागते. दाभण सहज आत गेले, तर ती कडी निकामी समजावी व तिच्याखाली तत्काळ भक्कम टेकू द्यावा.

त्यानंतर धाब्याच्या कडेला लहानसा खड्डा घेऊन मातीच्या थराची जाडी मोजावी. थर वीतभराहून जाड असेल तर तो कमी करणे हिताचे आहे. माती काढताना खोली रिकामी ठेवावी, कड्यांना आधीच टेकू द्यावेत आणि धाब्यावर एका वेळी एक-दोन माणसांनीच चढावे. माती सर्व बाजूंनी सारखी खरवडावी. तिचा ढीग धाब्यावर एका जागी करू नये. पातळ केलेल्या थरावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरून त्यावर चाळलेल्या खाऱ्या मातीचा पातळ थर चोपून बसविल्यास कमी मातीत गळती थांबते. उतार पन्हाळीकडे ठेवावा. पन्हाळ भिंतीपासून हातभर बाहेर असावी व तिचे तोंड पावसापूर्वी मोकळे करावे. धाब्यावर उगवलेले गवत व पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावीत.

उतरविलेली माती वाया जात नाही. ती चाळून नव्या मातीत मिसळता येते किंवा अंगणात भर म्हणून टाकता येते. त्यामुळे पांढरीच्या जुन्या टेकाडांवर कुदळ चालविण्याची गरजही कमी होते. अशी काही टेकाडे प्राचीन वसाहतींचे अवशेष असतात. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ साली झालेल्या उत्खननातून हे स्पष्ट झाले आहे.

भिंतीचा पाया

मातीच्या भिंतीला खरा धोका पायथ्याशी असतो. पन्हाळीचे पाणी जमिनीवर आपटून उडते, मोरीचे पाणी मुरते आणि भिंत खालून पोखरली जाते. अशा जागी सिमेंटचा गिलावा करणे हा लोकप्रिय पण चुकीचा उपाय आहे. सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि काही काळाने गिलावा आतल्या मातीसह गळून पडतो. सुटी माती काढून कच्च्या विटांचे तुकडे मातीच्या गाऱ्यात बसवावेत आणि वर भुसा घालून कुजविलेल्या मातीचा गिलावा द्यावा. भिंतीपासून दूर उतार करून पाणी काढून देणारा चर खणावा.

पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीसाठी मातीच्या घरांविषयीच्या १९९३ च्या भारतीय मानक १३८२७ मध्ये एक उपाय दिला आहे. दीड किलो डांबर १५ ग्रॅम मेणासह वितळवून ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ओतावे व हे मिश्रण ३० लिटर मातीच्या गाऱ्यात मिसळावे. त्यामुळे गिलावा पाण्याने धुपत नाही. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर व जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.

जे स्वतः करू नये

कडी किंवा खांब बदलणे, पोट सुटलेली भिंत उतरविणे, ओल्या भिंतीतील विजेच्या तारांना हात लावणे ही कामे घरधन्याची नव्हेत. ती अनुभवी सुतार, गवंडी व परवानाधारक वायरमन यांच्याकडूनच करवून घ्यावीत. ओलसर भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे.

ग्रामपंचायत व शाळा

आखाजी ते मृग या महिनाभराच्या काळात ग्रामपंचायतीने गावठाणातील धाब्याच्या घरांची फेरी घेऊन झुकलेल्या कड्या, फुगलेल्या भिंती व जाड थर यांची नोंद केल्यास धोक्याची घरे पावसापूर्वीच लक्षात येतील. अशा घरांतील वृद्ध व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींच्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय समाजमंदिरात वा शाळेत आधीच ठरवून ठेवता येते. शिक्षकांनी गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांकडून आपापल्या धाब्याचे क्षेत्रफळ व मातीचे वजन काढून घेतले, तर हा हिशेब थेट घरात पोहोचेल. डोक्यावर किती टन माती आहे हे ज्या घराला कळेल, ते घर नवी पाटी चढविण्यापूर्वी जुनी उतरविल्याशिवाय राहणार नाही.