पोर तिसावं आलं तर?

निकाल लागला की आमच्या विभागाच्या दारात पालक उभे राहू लागतात. हातात प्लास्टिकची फाइल, मागे गप्प मुलगा किंवा मुलगी. प्रश्न ठरलेला : "मॅडम, यंदा हायेस्ट पॅकेज किती गेलं?" पंचवीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात शिकवते आहे, पण वेगळा प्रश्न विचारणारे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

त्यातले एक बार्शीकडचे, एसटीत कंडक्टर. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी पहिली न्हाई यायची. मधीच कुठंतरी आसंल. मधल्या पोरांचं काय होतं हितं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. गेटवरच्या फ्लेक्सवर सहा हसरे चेहरे होते आणि त्यांच्याखाली मोठाले आकडे. मधल्या पोरांचा फ्लेक्स कोणीच लावत नाही.

तुम्हीही तेच विचारा. साठ-सत्तर जणांच्या वर्गात आपलं मूल तिसावं आलं, तर हे कॉलेज त्याला कुठं पोचवेल?

प्लेसमेंटच्या आकड्यांत सरासरी फार फसवी असते. दहा मुलांपैकी एकाला ४० लाख आणि उरलेल्या नऊ जणांना साडेतीन-साडेतीन लाख मिळाले, तर सरासरी ७ लाखांच्या वर जाते. पत्रकावर ७ लाख छापलं तर ते खोटं नाही, पण नऊ घरांत साडेतीनच आलेले असतात. म्हणून मध्यक विचारा, म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधे येणारा पगार. आणि 'ऑफर' किती हे विचारू नका, 'मुलं' किती हे विचारा. एकाच हुशार मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे कॉलेजनं सांगेपर्यंत थांबायचीही गरज नाही. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणारं कॉलेज आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवतं. पहिल्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, नोकरी कितींना लागली, पुढं शिकायला किती गेले, मध्यक पगार किती, सगळं त्या एका पीडीएफमध्ये सापडतं. आकडे अख्ख्या कॉलेजचे असतात, एकट्या कॉम्प्युटरचे नव्हेत, हे ध्यानात असू द्या. मी आधी 'मुदतीत पास' हा रकाना बघते. तिथं गळती मोठी असेल तर पगाराच्या रकान्याकडे जायचं कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेनं, जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि काही कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढवल्या. बाकं महिन्याभरात येतात, शिक्षक येत नाहीत. वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा कागद असतो. त्यातली प्राध्यापकांची यादी वाचा, कोण किती वर्षं टिकलंय ते पाहा. दर्जाच्या शिक्क्यांतही फरक असतो : नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला असते. एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला. नव्याने काढलेल्या एआय, डेटा सायन्सच्या ब्रँचला ती लगेच मिळत नाही, कारण आधी तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. अशी ब्रँच वाईटच असते असं नाही. पण नावाला भुलून घेऊ नका. चांगल्या कॉलेजातलं साधं 'आयटी' मला कच्च्या कॉलेजातल्या झगमगत्या नावापेक्षा कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

पुण्या-मुंबईचा हट्टही थोडा सैल करा. सीओईपी (१८५४), व्हीजेटीआय (१८८७) मिळालं तर प्रश्नच मिटला. पण सांगलीचं वालचंद १९४७ पासून उभं आहे, कराडचं सरकारी कॉलेज १९६० पासून. तिथल्यासारखी माजी विद्यार्थ्यांची साखळी पुण्यातल्या कित्येक नव्या इमारतींकडे नाही. शहराचा खरा फायदा इंटर्नशिपला होतो, हे मान्य. त्यासमोर चार वर्षांचं खोलीभाडं आणि मेसचा खर्च मांडून बघा.

आणि कृपा करून मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकू नका. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती आधी बघा. मुलींच्या शुल्कमाफीसारख्या सवलती 'कॅप'मधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांसाठी आहेत, हेही लिहून ठेवा.

एक दिवस मात्र काढा. कॉलेज चालू असताना जा. प्राचार्यांच्या केबिनऐवजी कँटीनमध्ये बसा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा. प्रॅक्टिकलला पोरं स्वतः कोड लिहितात की जर्नल उतरवतात, कंपन्या आल्या की किती टक्क्यांखालच्यांना बसूच देत नाहीत, एटीकेटीवाल्यांचं काय होतं, हे ती न विचारता सांगतील. आमच्याही कँटीनमध्ये सांगतील. सगळं काही ऐकायला गोड नसेल.

कंडक्टरसाहेबांना मी शेवटी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात नेलं आणि बाहेर उभी राहिले. ते पाऊण तास बोलत होते. त्यांच्या मुलीनं आमचं कॉलेज पसंतीच्या यादीत चौथं टाकलं.

ही पसंती भरायचा ऑप्शन फॉर्म मुलाच्या हातानं भरू द्या, आणि कन्फर्म करण्याआधी त्याला सगळा क्रम मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे पुढच्या राउंडला बदलता येत नाही.