कृत्रिम बुद्धिमत्तेची मार्गदर्शक तत्त्वे आणि वैद्यव्यवसाय

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवा व संशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने सर्व क्षेत्रांसाठी स्वतंत्र तत्त्वे जाहीर केली. त्यांतील सात मूलतत्त्वांना ‘सूत्रे’ असेच नाव दिले आहे, ही आपणांस ओळखीची गोष्ट! दोहोंत उत्तरदायित्वाचा स्पष्ट उल्लेख आहे.

परिषदेच्या दहा तत्त्वांपैकी माहितीच्या गुणवत्तेचे तत्त्व आयुर्वेदास विशेष लागू पडते. ‘ब्राह्मी’ या नावाने कोठे बॅकोपा मोनिएरी, तर कोठे सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी दिली जाते. शंखपुष्पीची स्थिती याहून बिकट. अशी सरमिसळ माहिती यंत्रास पुरविल्यास त्याचे उत्तर भाषेने कितीही सुबक असो, ते नेमक्या कोणत्या वनस्पतीविषयी आहे हे कळण्यास मार्ग उरत नाही. सबब भंडारा जिल्ह्यातील औषधी विक्रेत्यांनी केवळ त्या उत्तरावरून बदली द्रव्य देऊ नये.

बिब्ब्याबाबत अधिकच सावधगिरी हवी. औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भल्लातकाची विषारी द्रव्यांत गणना आहे. शोधन यथाविधी झाले काय, रुग्ण पित्तप्रकृतीचा आहे काय, याचा निर्णय समोर बसलेल्या वैद्यानेच करावयाचा. त्याची देखरेख व अंतिम अधिकार परिषदेलाही अभिप्रेत आहे.

रुग्णाचे नाव वा तपासणी अहवाल त्याच्या संमतीवाचून अशा प्रणालीत भरू नये. यंत्राचा सल्ला घेतल्यास तशी नोंद केसपेपरवर ठेवावी.