‘रोहू’ या नावाची व्युत्पत्ती

राहुरी-नेवाशाच्या बाजारातला रोहू आमच्या पाली वर्गात ‘रोहित’ होऊन येतो. रोहित म्हणजे तांबडा. या माशाच्या परांवर ती छटा दिसते. प्राकृतात ‘त’ लोपून ‘रोहिअ’ झाले, पुढे हिंदीत रोहू, बंगालीत रुई. मासाही मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. आपल्या धरणांत तो मत्स्यबीजाच्या रूपाने आला. १८२२ साली हॅमिल्टनने त्याला शास्त्रीय नाव देताना ‘रोहिता’ हाच शब्द ठेवला.

पाली परकी वाटणाऱ्या मुलांना आम्ही ससजातक वाचायला देतो. त्यात पाणमांजराला (पालीत ‘उद्द’, म्हणजे आपला ऊद) गंगाकाठच्या वाळूत पुरलेले सात रोहित सापडतात. ‘यांचा कोणी धनी आहे काय?’ असे तीनदा पुकारल्यावरच तो ते उचलतो.