मुलांच्या दारी आलेली शाळा

लहान मुलांना शिकवण्याची खरी आवड असलेला शिक्षक मूल शाळेत येण्याची नुसती वाट पाहत नाही. ते का येत नाही, याचा तो शोध घेतो. अनुताई वाघ (१९१०–१९९२) अशाच शिक्षिका होत्या.

बालपणीच वैधव्य आले, तरी अनुताईंनी शिक्षण सोडले नाही. शिक्षिका झाल्यावर १९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डी या गावी काम करू लागल्या. हे गाव आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले.

ही मुले शाळेत कशी येणार? कोणी रानात गुरे राखी, तर कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. म्हणून वस्तीतील अंगणातच बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी होय. गुराखी मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. शाळेजवळ पाळणाघर आले, तेव्हा थोरल्या बहिणींना शिकायला सवड मिळाली. पाने, बिया, खडे हीच मुलांची शैक्षणिक साधने झाली.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. १९८५ साली अनुताईंना ‘पद्मश्री’ मिळाली.

ज्याला शाळेपर्यंत पोहोचता येत नाही, त्याच्यापर्यंत शाळेने पोहोचावे, हे अनुताईंनी प्रत्यक्ष कृतीतून दाखवून दिले. मुलांवरील त्यांच्या प्रेमाचे हेच खरे स्वरूप होते.