मिनॉक्सिडिल : दोन टक्के की पाच?

प्रश्न : वय ३४. भांग रुंदावतोय, त्वचातज्ज्ञांनी आनुवंशिक केसगळती सांगितली. २ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दोनदा लावते, पण डोक्याला खाज सुटते. ५ टक्क्यांचा फोम घेऊ का?

उत्तर : घ्या. स्त्रियांमध्ये तो दिवसातून एकदा लावला, तरी तुमच्या द्रावणाच्या दोन वेळांइतका गुण येतो. खाज बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असते. फोममध्ये ते नसतं. भांग पाडून कोरड्या टाळूवर लावा, केसांना नव्हे. झोपण्याआधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून गालांवर लव वाढते. सुरुवातीला केस जास्त गळतीलही. बऱ्याच जणी इथेच औषध सोडतात! चार महिने तरी थांबा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर मात्र लावू नका.