मापकाची परीक्षा

छत्तीसगडातील भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आगगाडीचे रूळ हे या कारखान्याचे मुख्य उत्पादन होय.

रुळाचा एक अदृश्य शत्रू आहे. तो म्हणजे हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात हा वायू सहज विरघळतो. पोलाद निवून घट्ट झाले म्हणजे तो त्यात सामावत नाही. आत कोंडलेल्या वायूमुळे केसासारख्या बारीक चिरा पडतात. वरून रूळ निर्दोष दिसतो. परंतु चाकांच्या भाराने चीर वाढत जाते आणि अखेर रूळ तुटतो. म्हणून भारतीय रेल्वेच्या मानकाप्रमाणे वितळलेल्या पोलादात हायड्रोजन दशलक्ष भागांत १.६ भागांहून अधिक असता कामा नये. म्हणजे एका टनात फार तर १.६ ग्रॅम!

आता समजा, मापकाने १.५ हा आकडा दाखविला. पोलाद स्वीकारावे काय? मापक नेहमीच ०.३ कमी दाखवीत असेल, तर खरे प्रमाण १.८ आहे.

मापकाचे दोष दोन प्रकारचे असतात. एकाच नमुन्याचे आकडे कधी वर, कधी खाली पडणे हा पहिला. सर्वच आकडे एका बाजूला झुकणे हा दुसरा. पहिला दोष मापन पुनःपुन्हा केल्याने उघड होतो. दुसरा होत नाही. एकमेकांशी जुळणारे आकडे खरे असतातच असे नाही. त्यासाठी ज्याचे प्रमाण आधीच निश्चित झालेले आहे असा प्रमाणित नमुना वेळोवेळी तपासावा लागतो.

या तपासणीचे आकडे आलेखावर मांडण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली सुचविली. मध्ये सरासरीची रेषा आणि दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर मर्यादारेषा असतात. बिंदू मर्यादेबाहेर गेल्यास काम थांबवून कारण शोधावे. सर्व बिंदू मर्यादेत असूनही ओळीने आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूस पडले, तरी सावध व्हावे. नाणे आठ वेळा उडविल्यास आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते. तेव्हा असे घडले, तर तो बहुधा योगायोग नसून मापक हळूहळू ढळत आहे.

औषधांची शुद्धता ठरविणाऱ्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रासही हाच नियम लागू आहे. त्यातील संकेताचे क्षेत्रफळ अणुकेंद्रांच्या संख्येच्या प्रमाणात असते. तरीही तुलनेसाठी ज्ञात शुद्धतेचा पदार्थ लागतोच.

तात्पर्य, वस्तूची परीक्षा करणाऱ्या मापकाची परीक्षा आधी झाली पाहिजे. रुळावरून जाणाऱ्या प्रवाशाला तो मापक कधीच दिसत नाही; त्याचा जीव मात्र त्याच्या खरेपणावर अवलंबून असतो.