शोधनिबंधाची तज्ज्ञसमीक्षा : चिकित्सकाने जाणून घ्यावयाची प्रक्रिया

प्रास्ताविक

व्यवसायी वैद्यांच्या संग्रही मोलाचा चिकित्सानुभव असतो. तो शोधनिबंधरूपाने नियतकालिकाकडे पाठविला असता समीक्षकांचे आक्षेप येतात आणि पुष्कळदा लेखन तेथेच थांबते. या आक्षेपांमागे आयुर्वेदाविषयीचा आकस असतो, असा समज करून घेणे उचित नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पीअर रिव्ह्यू अर्थात तज्ज्ञसमीक्षा ही संधाय संभाषा समजूनच तिला सामोरे जावे.

पूर्वपीठिका

लंडन येथे १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. १७५२ मध्ये त्यातील लेखांची निवड रॉयल सोसायटीच्या समितीकडे आली, तर १८३० च्या दशकात लेखी अभिप्राय मागविण्याचा प्रघात पडला. तथापि ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. ‘नेचर’ने ती १९७३ मध्ये अनिवार्य केली.

प्रक्रियेचे टप्पे

१) संपादकीय छाननी : विषयाची योग्यता, नीतिमत्ता समितीची मान्यता, रुग्णाची संमती व वाङ्मयचौर्य तपासले जाते. चिकित्सालयीन चाचणी असल्यास पहिला रुग्ण समाविष्ट करण्यापूर्वी तिची नोंदणी झालेली असावी लागते. भारतात याकरिता २००७ पासून सीटीआरआय ही नोंदवही उपलब्ध आहे.

२) समीक्षण : निबंध सामान्यतः दोन वा अधिक तज्ज्ञांकडे जातो. एकतर्फी गुप्त पद्धतीत समीक्षकाचे नाव लेखकास कळत नाही. दुतर्फी पद्धतीत लेखकाचे नावही समीक्षकास कळत नाही.

३) निर्णय : स्वीकृती, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती वा नकार. समीक्षक सल्ला देतो, निर्णय संपादकाचा असतो.

४) प्रत्युत्तर : प्रत्येक मुद्द्यास क्रमवार उत्तर द्यावे. आक्षेप अमान्य असल्यास सप्रमाण व संयत शब्दांत तसे लिहावे.

आक्षेपांचे मूळ

उदाहरणार्थ, आमवाताच्या एका रुग्णाचा वृत्तान्त घेऊ. ‘सिंहनाद गुग्गुळाने उत्तम उपशय मिळाला’ एवढेच लिहिल्यास समीक्षक विचारणारच : मात्रा, अनुपान व कालावधी किती? औषध कोणत्या निर्मात्याचे, कोणत्या बॅचचे? रुग्ण त्याच काळात मेथोट्रेक्सेट वा वेदनाशामके घेत होता काय? संधिशोथ, ईएसआर व सीआरपी यांच्या पूर्वोत्तर नोंदी कोठे आहेत? ‘ब्राह्मी’ लिहिल्यास ती बाकोपा मोनिएरी की मंडूकपर्णी, असा प्रश्न येतो. रसौषधींबाबत तर अधिक काटेकोर विचारणा होते. २००४ मध्ये ‘जामा’ने बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध केले, हे येथे स्मरणात ठेवावे.

यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे चिकित्सा संपल्यावर तयार करता येत नाहीत. निबंधाची खरी तयारी म्हणूनच पहिल्या दिवसाच्या केसपेपरपासून होते. एकल रुग्णवृत्तान्तासाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘केअर’ मार्गदर्शक सूची याकामी उपयुक्त आहे.

मर्यादा

तज्ज्ञसमीक्षा म्हणजे सत्यतेची हमी नव्हे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ त्रुटी हेतुतः पेरलेला निबंध ४२० समीक्षकांना पाठविला गेला; उत्तर देणाऱ्यांनी सरासरी २ त्रुटीच दाखविल्या. लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. याउलट, शुल्क घेऊन समीक्षेविनाच काही दिवसांत स्वीकृती देणारी नियतकालिकेही आहेत. तेथील प्रसिद्धीने यादीत भर पडते, शास्त्रात नव्हे.

उपसंहार

समीक्षकाने विचारलेला प्रश्न उद्या दुसरा वैद्य त्याच औषधाचा प्रयोग करताना विचारणार आहे. त्याला उत्तर मिळाले तरच आपला अनुभव त्याच्या रुग्णाच्या उपयोगी पडेल. म्हणून प्रत्येक वैद्याने निदान एका रुग्णाची परिपूर्ण नोंद आजपासून ठेवावी.